चिकुनगुनिया गोव्यात कुठून आला आणि पसरला कसा?

फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी विचारले आहे : "२००६ पूर्वी गोव्यात चिकुनगुनियाचे नावही कोणी फारसे ऐकले नव्हते. मग तो एकाएकी कुठून उपटला? विषाणू नवा निर्माण झाला, की बाहेरून कोणी आणला? आणि पुण्यापर्यंत येऊन ठेपलेला झिका विषाणू उद्या आपल्याकडे येईल का?" हे प्रश्न वर्गात मुलांनी विचारले आणि पाठ्यपुस्तकात त्यांची उत्तरे सापडली नाहीत, असेही बाईंनी कळवले आहे. कीटकजन्य रोगांच्या कामात माझी तीसेक वर्षे गोव्यातच गेली, त्यामुळे उत्तर थोडे लांबले तर क्षमा असावी.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. विषाणू कुठून आला आणि तो पसरला कसा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपण बहुतेक वेळा पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चिकटवून मोकळे होतो. पहिल्याचे उत्तर शोधायला आफ्रिकेपर्यंत जावे लागते. दुसऱ्याचे उत्तर आपल्या परसात, पाण्याच्या पिंपाशी सापडते.

चिकुनगुनियाचा विषाणू प्रथम ओळखला गेला तो १९५२-५३ मध्ये, त्या वेळच्या टांगानिकाच्या, म्हणजे आजच्या टांझानियाच्या दक्षिण भागात, नेवाला परिसरातील साथीत. हा प्रदेश माकोंडे पठारावर येतो आणि रुव्हुमा नदी ओलांडली की मोझांबिक लागते. ज्या मोझांबिकशी गोव्यातल्या कितीतरी घरांचे पोर्तुगीज काळापासून नातेगोते होते, त्याच्याच वेशीवरचा हा मुलूख. ‘चिकुनगुनिया’ हा शब्द माकोंडे भाषेतला असून, सांध्यांच्या वेदनेने माणूस वाकून जातो, असा त्याचा आशय आहे. काही वर्तमानपत्रांनी त्या काळी त्याचा ‘चिकन’शी संबंध जोडला आणि कोंबडी खाण्याचे लोकांनी सोडले, हे आठवले की अजून हसू येते.

१९५२ ला विषाणू ओळखला गेला, जन्मला नाही. त्याआधी कित्येक शतके तो आफ्रिकेच्या रानात माकडे आणि झाडांच्या ढोलीत वाढणारे रानडास यांच्यात फिरत असावा. अशा चक्रात माणूस अधूनमधून सापडतो, आजारी पडतो आणि गोष्ट तिथेच संपते. साथ व्हायची तर विषाणूला माणसाच्या घरात राहणारा डास हवा. तो त्याला एडिस इजिप्तीच्या रूपाने मिळाला. हा डासही मूळचा आफ्रिकेतल्या रानातलाच. जिथे कोरडा ऋतू लांबतो आणि पाणी मिळते ते केवळ माणसाने साठवलेल्या भांड्यांत, तिथे त्याची एक जात माणसाच्या वासाकडे ओढली जाऊ लागली आणि घरचीच होऊन गेली. पुढे गुलामांच्या जहाजांतल्या पिंपांतून ती अमेरिकेत पोचली आणि जहाजांच्याच वाटेने आशियातल्या बंदरांतही आली. म्हणजे विषाणू माणसाकडे येण्याच्या कितीतरी आधी त्याचे वाहन माणसाच्या घरात येऊन बसले होते.

भारतात चिकुनगुनियाची पहिली सिद्ध झालेली साथ १९६३ मध्ये कोलकात्यात झाली. पुढच्या दोन वर्षांत चेन्नई, वेल्लोर, विशाखापट्टणम अशी ती दक्षिणेकडे सरकली, आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत मोठी साथ आली. त्यानंतर जवळजवळ ३२ वर्षे शांतता. या शांततेचे कारण मुलांना सांगण्यासारखे आहे. चिकुनगुनिया एकदा होऊन गेला की प्रतिकारशक्ती दीर्घकाळ टिकते. आफ्रिकेत विषाणूला माकडांचा आसरा असतो, तसा कायमचा आसरा त्याला आपल्याकडे लाभल्याचे सिद्ध झालेले नाही. इथे साखळी माणूस, डास आणि पुन्हा माणूस अशीच चालते. गावातली बरीच माणसे एकदा आजारी पडून गेली की साखळीची कडी तुटते. पण त्या ३२ वर्षांत जी मुले जन्मली त्यांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध काहीच नव्हते. २००५ उजाडेपर्यंत निम्म्याहून अधिक देश त्याच्यासाठी कोरी पाटी होता. गोव्यात साथ आली तेव्हा आजोबांपासून नातवापर्यंत अख्खे घर एकदमच अंथरुणाला खिळले, त्याचे कारण हेच.

मग जुनाच विषाणू कुठेतरी दबा धरून बसला होता आणि पुन्हा जागा झाला, असे म्हणावे काय? नाही. त्याच्या जनुकांची रचना वाचता येते म्हणून हे ठामपणे सांगता येते. १९६३ ते १९७३ या काळात भारतात जो विषाणू होता तो आशियाई वंशाचा. २००५-०६ मध्ये जो सापडला तो पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी वंशाचा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने या दोहोंची तुलना केली तेव्हा तो पाहुणा नवा असल्याचे दिसले. त्याच्या प्रवासाचा मागही बराचसा लागला आहे. २००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावरील लामू बेटावर साथ सुरू झाली. तिथे त्या वर्षी दुष्काळ होता, हे मी मुद्दाम सांगतो. पाऊस नव्हता म्हणून लोकांनी घरोघरी पाणी साठवले, आणि त्या साठवणीत डास वाढले. डासांचा रोग म्हणजे पावसाचा रोग, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसलेले आहे. प्रत्यक्षात नळाला दोन दिवसांआड पाणी येणाऱ्या वाड्यावर एप्रिल-मेमध्येही साथ मूळ धरू शकते.

लामूवरून कोमोरो बेटे, तिथून रियुनियन. फ्रान्सच्या ताब्यातील या बेटावर त्या वेळी सुमारे पावणेआठ लाख लोक राहत होते आणि २००५-०६ मध्ये त्यांपैकी अंदाजे २ लाख ६६ हजार आजारी पडले, म्हणजे दर तीन माणसांतले एक. २००५ च्या अखेरीस आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि महाराष्ट्रात रुग्ण दिसू लागले, आणि २००६ या एका वर्षात देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. गोवा कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या कुशीत वसलेला. अनमोड घाट, चोर्ला घाट, कोकण रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग अशा सगळ्या वाटा उघड्या. तो इथे आला नसता तरच नवल.

रियुनियनमध्ये जे घडले ते मात्र वेगळे आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे. त्या बेटावर एडिस इजिप्ती जवळजवळ नव्हता. तिथे होता एडिस अल्बोपिक्टस, अंगावर पांढरे पट्टे आणि पाठीवर एकच सरळ पांढरी रेघ असलेला, ज्याला ‘टायगर’ डास म्हणतात. चिकुनगुनियाचा विषाणू त्याच्या पोटात फारसा रुजत नसे. पण साथ चालू असतानाच विषाणूच्या बाहेरच्या आवरणातील ई-१ या प्रथिनात २२६व्या स्थानी ॲलानिन या अमिनो आम्लाच्या जागी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आले. जनुकातील एक अक्षर बदलले, एवढेच. परंतु या बदलानंतर अल्बोपिक्टसच्या आतड्यात शिरकाव करायला विषाणूला पूर्वीच्या सुमारे शंभराव्या भागाएवढीच मात्रा पुरू लागली. भारतात २००६ मध्ये आलेल्या विषाणूत हा बदल नव्हता. तो इजिप्तीच्याच खांद्यावर बसून आला. २००७ मध्ये केरळात, जिथे रबराच्या मळ्यांत चीक गोळा करण्याच्या वाट्यांत अल्बोपिक्टस अमाप वाढतो, तिथे तोच बदल पुन्हा स्वतंत्रपणे घडलेला आढळला. वेगवेगळ्या ठिकाणी एकच अक्षर बदलावे, हा योगायोग नाही. चुका सगळीकडे होतच असतात. तिथल्या डासाला जी चूक सोयीची, तीच टिकते. उत्क्रांती शिकवताना जिराफाची मान पुढे करण्यापेक्षा हे उदाहरण मुलांना अधिक पटेल, असे मला वाटते.

यातली आणखी एक बारीक गोष्ट. आशियाई वंशाचा विषाणू अल्बोपिक्टसच्या मूळ मुलखात, आग्नेय आशियात, अनेक दशके वावरत होता; मग त्याने हा बदल का केला नाही? त्याच प्रथिनातील ९८व्या स्थानी त्याच्याकडे एक निराळे अमिनो आम्ल होते आणि त्यामुळे २२६ चा बदल होऊनही त्याचा लाभ त्याला मिळत नसे. आफ्रिकी वंशाला हा अडसर नव्हता. म्हणजे ‘उद्भव’ ही केवळ संधीची गोष्ट नाही. विषाणूच्या मागच्या पिढ्यांनी कोणती दारे उघडी ठेवली, हेही त्यात येते.

त्याच वर्षी, २००७ मध्ये, केरळहून इटलीला गेलेल्या एका प्रवाशाला तिथे ताप आला आणि एमिलिया-रोमान्या प्रांतातील कास्तिल्योने दी चेर्व्हिया या गावी व आसपास मिळून सुमारे २०० जण आजारी पडले. युरोपात चिकुनगुनियाची स्थानिक साथ तोवर कोणी पाहिली नव्हती. ती झाली, कारण टायगर डास १९९० च्या सुमारास जुन्या टायरांच्या व्यापारातून इटलीत आधीच येऊन राहिला होता. टायरच्या पोकळीत चिकटलेली वाळलेली अंडी महासागर ओलांडून गेली आणि पाऊस पडताच उबली. प्रवासी तर जगभर रोज लाखोंनी फिरतात. ज्या गावात डास आधीपासून बसलेला असतो, तिथेच त्यांच्या येण्याला अर्थ येतो.

आता फैलावाकडे वळतो. डासाने रुग्णाचे रक्त प्यायले की तो लगेच रोग देत नाही. विषाणू त्याच्या आतड्यातून शरीरात आणि तिथून लाळेच्या ग्रंथीपर्यंत पोचायला काही दिवस लागतात. डेंग्यूच्या विषाणूला साधारण ८ ते १२ दिवस लागतात, चिकुनगुनियाला पुष्कळदा आठवड्याच्या आत. हा फरक किरकोळ वाटतो, पण हिशेब करून पाहा. शंभर मादी डासांपैकी रोज नव्वद जगतात असे धरले, तर दहाव्या दिवशी ३५ उरतात आणि पाचव्या दिवशी ५९. आता रोज ऐंशीच जगतात असे धरा : दहाव्या दिवशी केवळ ११ उरतील आणि पाचव्या दिवशी ३३. रोज शंभरात दहा डास अधिक मारले तर दहा दिवस लागणाऱ्या विषाणूचे वाहक तिपटीने घटतात, पाच दिवसांच्या विषाणूचे मात्र निम्म्याच्या आसपास. चिकुनगुनिया गावात शिरला की भडकतो आणि आवरता आवरत नाही, त्यामागे हे साधे गणित आहे. शिवाय त्याची लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना लक्षणे दिसतात, तर डेंग्यूत सुमारे तीन चतुर्थांश लोकांना काहीच जाणवत नाही. म्हणून चिकुनगुनिया गाजतो आणि डेंग्यू गुपचूप फिरतो. त्यात गोव्याचे तापमान बाराही महिने डासाच्या पोटातल्या या घड्याळाला सोयीचे. थंडीच्या प्रदेशात ते हिवाळ्यात बंद पडते, इथे ते पडत नाही.

एडिसची ही मादी आयुष्यभरात बहुधा एकदोनशे मीटरच्या परिघाबाहेर जात नाही. चावते ती दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी, आणि एका पोटभर जेवणासाठी पुष्कळदा दोनतीन माणसांना टोचते. तेव्हा एका घरातून तीन घरांत रोग नेणारी ही तीच, पण साखळी शहरापासून फोंड्यापर्यंत तो नेतो तो माणूस, दुचाकीवर बसून.

सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरचा प्रसंग सांगतो. साथीच्या काळात आम्ही घरोघर भांडी तपासत होतो. एका आजींनी ओसरीवरचे निळे पिंप दाखवत ठणकावून सांगितले, "बाबा, कालच ओतलंय, बघ." पिंप खरोखरच रिकामे होते. मी बॅटरी लावून आतली कड पाहिली. पाण्याची जिथे ओळ होती तिच्या वर बोटभर जागेत काजळीचे कण चिकटावेत तसे काळे ठिपके होते. ती एडिसची अंडी. एकेक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे, नख लावूनही सहज न सुटणारे. अशी अंडी कोरडी पडूनही महिनोन् महिने तग धरतात. पाणी पुन्हा त्यांच्यापर्यंत चढले की काही तासांत अळ्या बाहेर पडू शकतात. आजींनी पिंप ओतले होते, घासले नव्हते. मी नारळाचे सोडण घेतले आणि ती कड खसाखसा घासून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून आजी स्वतः शेजाऱ्यांच्या पिंपांकडे बॅटरी घेऊन जाऊ लागल्या. ‘आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करा’ हे वाक्य पत्रकांतून वर्षानुवर्षे छापले गेले, पण ‘घासा’ हा शब्द मात्र पुष्कळदा त्यातून निसटला. ती चूक आमच्या खात्याचीच, आणि माझीही.

गोव्याची भांडी ही गोव्याचीच असतात, बाहेरची यादी इथे पुरत नाही. मे महिन्यात काजूची भाटी, म्हणजे फेणी गाळायची भट्टी, बंद होते. मग बोंडे मळायची दगडी डोण, रस आंबवायचे पिंप, मडकी हे सारे बागायतीत उघडेच पडून राहते आणि जूनच्या पहिल्या पावसात भरते. पोफळीच्या बागेत गळालेली विरी, म्हणजे पानाच्या बुडाचे रुंद आवरण, जमिनीवर पडली की तिच्या खोलगटात पेलाभर पाणी साठते, आणि अल्बोपिक्टसला तेवढे पुष्कळ होते. नारळाच्या करवंट्या, रबराच्या वाट्या, मच्छीमारांच्या होड्यांना धक्का लागू नये म्हणून टांगलेले टायर, पावसाळ्यात गुंडाळलेल्या, किनाऱ्यावरच्या शॅकवरची ताडपत्री. सड्यावरच्या जांभ्या दगडातील खळग्यांत एडिस व्हिटॅटस नावाचा तिसरा भाऊबंदही वाढतो. शहरात हा पसारा गच्चीवरच्या टाक्यांत, फ्रीजच्या मागच्या तसराळ्यात आणि बांधकामाच्या पाण्यात असतो. पणजीने १९८६ मध्ये मलेरियाच्या साथीत बांधकामाच्या पाण्याची किंमत मोजली आहे. तिथे अपराधी एडिस नव्हता, ॲनोफिलिस स्टीफेन्सी होता, पण धडा तोच.

मलेरियाच्या त्याच अनुभवातून गोव्यात बांधकाम मजुरांसाठी आरोग्यपत्राची पद्धत आली आणि मलेरियापुरती ती शहाणपणाची होती. मलेरियाचे परजीवी माणसाच्या शरीरात आठवडे, कधी महिने राहतात, त्यामुळे रक्ततपासणीत ते सापडतात. चिकुनगुनियाचा विषाणू मात्र रक्तात जेमतेम आठवडाभर असतो. दारावर मजुराला अडवून तपासल्याने तो हाती लागत नाही. तरीही प्रत्येक साथीत ‘बाहेरच्यांनी आणला’ ही आरोळी उठते. कधी कामगारांवर, कधी पर्यटकांवर. बाईंच्या प्रश्नातही तो सूर अगदी हलका ऐकू आला, म्हणून एवढे लिहिले. मजुरांच्या वस्तीत रुग्ण जास्त दिसतात ते पाण्याची तोटी नसल्याने घरोघर पिंपे भरून ठेवावी लागतात म्हणून. धूरफवारणीबद्दलही लोकांचा असाच गैरसमज असतो. गाडी धूर सोडीत गेली की समाधान वाटते. पण इजिप्ती मादी त्या वेळी कपाटामागे, टांगलेल्या कपड्यांखाली बसलेली असते आणि धूर रस्त्यावर असतो. रुग्ण सापडलेल्या घराभोवती, घरांच्या आत आणि त्याच दिवशी केलेली फवारणी उपयोगी पडते. बाकीची बव्हंशी दिखाव्यासाठी असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला झिका. तो १९४७ मध्ये युगांडातील झिका अरण्यात, पहाऱ्यासाठी ठेवलेल्या एका माकडाच्या रक्तात सापडला. साठ वर्षे त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. २००७ मध्ये प्रशांत महासागरातील याप बेट, २०१३ मध्ये फ्रेंच पॉलिनेशिया आणि २०१५ मध्ये ब्राझील अशी त्याची वाट दिसते. ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बालके जन्मू लागली तेव्हा जग खडबडून जागे झाले. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी आढळला, आणि २०२४ मध्ये पुणे शहरात गरोदर स्त्रियांसह अनेकांना लागण झाली. डास तोच, पाण्याची भांडी तीच, पुण्याहून येणाऱ्या रात्रीच्या बसगाड्या रोजच्या. तेव्हा तो येईल का, याचे उत्तर ‘येऊ शकतो’ असेच द्यावे लागते. दर पाचांतल्या चौघांना लक्षणेच दिसत नसल्याने तो आला तरी लगेच कळणार नाही. त्यातच डेंग्यू आणि झिका हे जवळचे नातलग असल्यामुळे प्रतिपिंडांच्या चाचणीत एकाचे निदान दुसऱ्यावर जाण्याचा संभव असतो; तापाच्या पहिल्या पाच दिवसांत केलेली जनुकीय चाचणी अधिक भरवशाची. म्हणून साथीच्या मोसमात अंगावर पुरळ आणि ताप असलेल्या गरोदर स्त्रीची झिकासाठी तपासणी झालीच पाहिजे, बाकी कोणाची राहिली तरी एक वेळ चालेल.

विद्यार्थ्यांकडून एक काम करून घ्यावे. काळ्या रंगाने आतून-बाहेरून रंगवलेला दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा घ्यावा, अर्धा पाण्याने भरावा आणि आत खडबडीत सुती कापडाची पट्टी पाण्याच्या वर येईल अशी लावून तो ओसरीच्या सावलीत ठेवावा. मादीला काळे भांडे आणि खडबडीत ओली कड आवडते. पाचव्या दिवशी पट्टी काढून भिंगाखाली धरली की काळे ठिपके मोजता येतात. वाड्यावरच्या वीस घरांत असे डबे ठेवून कोणत्या घरी किती अंडी पडली याचा नकाशा मुलांनी काढावा; कुठला डबा भरतो ते पाहून त्यांना आसपासची भांडी शोधायला जावेसे वाटेल. एक पथ्य मात्र पाळलेच पाहिजे : अंड्यापासून डास व्हायला या हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून डबा सहाव्या दिवसापलीकडे ठेवायचा नाही, पाणी तापलेल्या जमिनीवर ओतायचे, पट्टी उकळायची आणि डबा सोडणाने घासायचा.